अर्ध्या गोळ्या

मला क्षय झाला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि माझी मुलगी सव्वा वर्षाची. आम्हाला कलकत्त्याला येऊन जेमतेम सात महिने झाले होते. हे केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, बदली होऊन आले होते. भवानीपुरात एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. भिंती घोषणांनी भरलेल्या असत, वीज गेली की तासन् तास येत नसे, आणि शहरात रोज काही ना काही पेटलेलं असे. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की दुपारचे चार वाजले की अंगात कणकण येते, आणि मुलीला कडेवर घेऊन जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं.

खोकला दोन महिने होता. इथली दमट हवा बाधली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मग एका सकाळी मोरीत तोंड धुताना थुंकीत रक्ताची रेघ दिसली. मी त्यावर पाणी ओतलं आणि दिवसभर गप्प राहिले. संध्याकाळी हे ऑफिसातून आले, चहा प्यायला बसले, तेव्हा सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आईला कळवायचं नाही. कुणालाच सांगायचं नाही."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या आत्याला लग्नानंतर दोन वर्षांतच क्षय निघाला होता. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, आणि ती परसातल्या खोलीत, वेगळ्या ताटवाटीवर, सहा महिन्यांत गेली. ह्यांनी ते लहानपणी पाहिलं होतं. आपल्या घरात हाच रोग निघाला तर आई काय म्हणेल, या विचाराने ते माझ्या आजाराइतकेच घाबरले होते.

आमच्या भागातही दवाखाना होता, पण तिथे मराठी मंडळातलं कुणीतरी भेटण्याची शक्यता होती. म्हणून ह्यांनी पार सियालदहच्या बाजूचा, छातीच्या रोगांचा एक दवाखाना शोधला. तिथले डॉक्टर साठीच्या आसपासचे बंगाली गृहस्थ होते. त्यांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि माझ्यासाठी सावकाश हिंदीत बोलू लागले. मला ते 'मा' म्हणत. तिकडे मुलीच्या वयाच्या बाईला तसं म्हणतात.

"तीन औषधं आहेत, मा. एक सुई, रोज. एक ही छोटी पांढरी गोळी. आणि या मोठ्या गोळ्या, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी चार."

"तीन कशाला?" ह्यांनी विचारलं.

"कारण हे जंतू शिकतात. एकच औषध दिलं तर त्याच्याशी झगडायला शिकतात. तिन्ही एकदम गेली की त्यांना शिकायला सवड मिळत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "दीड वर्ष घ्यायचं. दोन महिन्यांत तुला अगदी बरं वाटेल, आणि त्याच वेळी लोक औषध सोडतात. तू सोडायचं नाहीस. उलट्या झाल्या, चक्कर आली, अंगावर पुरळ उठलं, कानात आवाज आला, डोळे पिवळे दिसले, काहीही झालं तर मला येऊन सांगायचं. आपल्या मनाने काही बंद करायचं नाही, काही कमी करायचं नाही."

मी मान डोलावली. त्यांनी सांगितलेल्यातली एकही गोष्ट पुढचे तीन महिने मी नीट पाळली नाही.

मुलीच्या हातावर त्यांनी कसलीशी टोचणी केली. तीन दिवसांनी तिथे लाल गाठ आली, म्हणून तिलाही गोळीचा तुकडा चुरून साखरेतून द्यायला सांगितलं. ते मात्र मी एक दिवस चुकवलं नाही. तिच्या बाबतीत मला सगळं समजत होतं.

सुई आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या औषधाच्या दुकानातला कंपाउंडर देई. छोट्या गोळीचा त्रास नव्हता. त्रास त्या मोठ्या गोळ्यांचा. कोटाच्या बटणाएवढ्या, जिभेवर ठेवल्या की आंबट-कडू चव पसरायची, आणि तासाभरात पोटातून ढवळून यायचं. उलटी झाली की पुन्हा घ्यायच्या की नाहीत, हे मी विचारलं नव्हतं. मी आधी चारच्या तीन केल्या, मग दोन. उरलेल्या दूधपावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवत गेले. फेकवत नव्हत्या. औषध केरात टाकणं मला अन्न टाकण्यासारखं वाटे.

तिसऱ्या खेपेला मला दवाखान्याच्या बाकावर बाई दिसल्या.

त्यांना मी मंडळात पाहिलं होतं. चाळिशीच्या, अविवाहित, मुलींच्या शाळेत शिक्षिका. त्यांच्या आजोबांपासूनचं कुटुंब कलकत्त्यातलं, त्यामुळे त्यांच्या मराठीला बंगालीचा हेल होता. रविवारी सकाळी त्या मंडळाच्या खोलीत मराठी घरांतल्या मुलांना अक्षरं गिरवायला शिकवत, कारण ती मुलं घराबाहेर मराठी बोलतच नसत. मला पाहताच त्यांनी पदर डोक्यावरून ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मीही खाली पाहिलं. पण औषध घेऊन बाहेर आले तेव्हा त्या ट्रामच्या थांब्यावर उभ्या होत्या.

"तू मला पाहिलं नाहीस, मी तुला पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "चालेल?"

"चालेल, बाई."

मग त्या हसल्या, खोकल्या, आणि ट्राम आल्यावर माझ्या शेजारीच बसल्या.

त्यानंतर दर दुसऱ्या गुरुवारी आम्ही बरोबरच परतायचो. त्या शहरात माझं मन मोकळं होण्याची तेवढीच जागा होती. त्यांचा हा दुसरा फेरा होता. दोन वर्षांपूर्वी पाच महिने औषध घेतल्यावर त्यांना ठणठणीत वाटलं, परीक्षांचे पेपर तपासायचे होते, औषध राहिलं ते राहिलंच. आता पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या गोळ्या भरल्या पोटी, दह्याबरोबर घ्याव्यात म्हणजे कमी ढवळतं, हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांना मी डब्याचंही सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं "हं" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मी हळूहळू भरत होते, ब्लाउज घट्ट होत होते. बाई मात्र दर खेपेला थोड्या आणखी वाळलेल्या दिसत. मला वाटे, शाळेची दगदग.

एका दुपारी, हे ऑफिसात असताना, बाई घरी आल्या. त्या कधी आल्या नव्हत्या. मुलगी झोपली होती. पाणी प्यायल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या, आणि म्हणाल्या, "तो डबा अजून आहे का?"

"कशाला, बाई?"

त्यांनी दाराकडे पाहून घेतलं. मग सगळं एकदम बोलल्या. त्यांचा धाकटा भाऊ बँकेत होता, अठ्ठावीस वर्षांचा. आईवडील गेल्यावर बाईंनीच त्याला वाढवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून त्याला खोकला होता, ताप यायचा. त्याचं लग्न नागपूरच्या मुलीशी ठरलं होतं, पुढच्या वैशाखातला मुहूर्त होता. दवाखान्यात गेलं की नाव लिहिलं जाणार, घरी चौकशीला माणूस येणार, बँकेत कळणार, आणि नागपूरला कळायला मग दोन दिवस पुरले असते.

"माझ्यातल्या अर्ध्या मी त्याला देते," बाई म्हणाल्या. "पांढऱ्याही आणि मोठ्याही. तीन महिने झाले. लग्न पार पडू दे, मग मी स्वतः त्याला हाताला धरून नेईन. पण आता दोघांना पुरत नाहीत गं."

मी उठले, स्टुलावर चढले आणि डबा काढून त्यांच्या हातात दिला.

मी तेव्हा विचार केला नाही, असं म्हणणं खोटं होईल. मी केला. माझी चोरी घरातून जाईल आणि त्या गोळ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील, असा तो विचार होता. मला हलकं वाटलं. बाईंनी डबा पिशवीत ठेवला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या.

त्यावेळी मी आणखी एक गोष्ट लपवत होते. दीड महिन्यापासून माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखा बारीक आवाज होता, आणि मान वळवली की खोली माझ्यामागून जरा उशिराने वळायची. चालताना जमीन मऊ लागे. सुईमुळे असणार, हे मला कळत होतं. पण सांगितलं तर सुई बंद करतील, सुई बंद झाली तर रोग राहील, आणि रोग राहिला तर मला परसातल्या खोलीत ठेवतील, अशी ती साखळी होती. दिवसा, उजेडात, डोळ्यांनी जमीन धरून मी सगळी कामं करत होते.

बाई येऊन गेल्यावर चार-पाच दिवसांनी, संध्याकाळी दिवेलागणीला वीज गेली. मी मुलीला घेऊन स्वयंपाकघरातून खोलीत येत होते. अंधार झाला आणि माझ्या पायांखालची जमीन नाहीशीच झाली. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. मी मुलीसकट आडवी पडले. तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. ती आधी गप्प झाली आणि मग किंचाळली. हे कंदील घेऊन धावत आले. मुलीच्या भुवईवर रक्त होतं. मी उठायला बघत होते आणि मला उठता येत नव्हतं.

तिला शांत केल्यावर, कपाळाला ओलं फडकं धरून, ते जमिनीवरच बसले. "कधीपासून होतंय हे?"

"दीड महिना."

"दीड महिना! आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, कुणाला सांगायचं नाही."

"अगं, डॉक्टरला नाही असं म्हटलं होतं का मी?" त्यांचा आवाज फुटला. मुलगी दचकून पुन्हा रडू लागली. मग त्यांनी तिला जवळ घेतलं आणि ते स्वतःच रडू लागले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते रजा काढून माझ्याबरोबर आले. डॉक्टरांनी मला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. मी मिटले आणि कलंडले. त्यांनी मला धरलं, खुर्चीत बसवलं, कार्डावरच्या सुईच्या ओळीवर काट मारली.

"सुई आजपासून बंद. तिच्या जागी दुसरं औषध देईन. उपाय संपलेले नाहीत, मा. पण कानाच्या आतलं जे गेलं ते किती परत येईल, सांगता येत नाही. पहिल्या दिवशी आली असतीस तर इतकं झालं नसतं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "आणखी काही आहे का, जे तू मला सांगितलं नाहीस?"

मी मोठ्या गोळ्यांचं सांगितलं. हे माझ्याकडे पाहतच राहिले.

"उरलेल्या कुठे आहेत?"

"एका बाईंना दिल्या."

"कशासाठी?"

मी नाव न घेता सांगायचा प्रयत्न केला. एक बहीण, एक भाऊ, लग्न ठरलेलं, अर्ध्या अर्ध्या गोळ्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे बघ, मा. अर्धं औषध म्हणजे अर्धं बरं होणं नव्हे. अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, त्या औषधाला पचवायला शिकतात. मग पूर्ण दिलं तरी उपयोग होत नाही. त्या घरात आता दोन माणसं आहेत. लग्न झालं की तिसरं माणूस येईल, ती मुलगी. तिला हा रोग लागला तर तो असा लागेल की माझ्याकडे त्यावर देण्यासारखं काही नसेल." ते थांबले. "तू नाव सांगितलं नाहीस तरी मी शोधीन. पण वेळ जाईल."

मी नाव सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी कपाटातून एक कार्ड काढलं, त्यावरच्या वजनाच्या आकड्यांवरून बोट खाली नेलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बंगालीत म्हणाले.

पुढे, पुष्कळ वर्षांनी, नात्यातली एक विधवा मुलगी एचआयव्हीच्या गोळ्या घेऊ लागली तेव्हा तिने मला विचारलं होतं, रोज, जन्मभर, हे कसं जमायचं? तिच्याही औषधांत तीन एकत्र होती, आणि तीही लपवून घ्यावी लागत होती. मी तिला हे सगळं सांगितलं, आणि सांगितलं की लपव कुणापासूनही, फक्त डॉक्टरपासून नको. आणि तुझं औषध तुझंच, कितीही माया असली तरी. ती घेते आहे अजून. पण हे पुढचं झालं.

डॉक्टरांनी माझं नाव घेतलं नाही. पुढच्या गुरुवारी बाईंना आत बोलावून एवढंच सांगितलं की भावाला आणा, नाहीतर मी घरी येतो. बाईंनी त्याला आणलं. त्या दिवशी ट्रामच्या थांब्यावर त्या माझ्यासाठी थांबल्या नव्हत्या, पण मी पोचले तेव्हा ट्राम यायची होती.

"तू सांगितलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं." ट्राम आली. त्या पुढच्या दाराने चढल्या, मी चढलेच नाही.

लग्न मोडलं. मंडळात कुणाला कसं कळलं ठाऊक नाही, पण कळलं. रविवारच्या वर्गात आधी दोन मुलं यायची थांबली, मग चार. कुणी उघड काही बोललं नाही. मुलाला सर्दी आहे, पाहुणे आलेत, पुढच्या आठवड्यात पाठवते. जानेवारीत बाईंनी वर्ग बंद केला. आणि मी मात्र त्याच मंडळात चांगली धडधाकट, गोरीगोमटी दिसत वावरत होते. गाल भरले म्हणून बायका माझी थट्टा करत होत्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू मंडळाच्या हॉलमध्ये होतं. बाई आल्या. येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या सतरंजीच्या एका टोकाला बसल्या आणि बघता बघता त्यांच्या आजूबाजूची जागा मोकळी झाली. कुणी उठून पाणी प्यायला गेलं, कुणी ओळखीच्या बाईशी बोलायला सरकलं. मी दाराशी उभी होते, कडेवर मुलगी. माझे पाय तेव्हाही फार भरवशाचे नव्हते. मी सतरंजीवरून सावकाश चालत गेले आणि त्यांना खेटून बसले.

यजमानीणबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या आणि जरा लांबच थबकल्या. मी म्हणाले, "द्या ना. मीही त्याच दवाखान्यात औषध घेते, सात महिने झाले. आता माझ्या थुंकीत काही सापडत नाही, माझ्याकडून कुणाला काही होणार नाही. डॉक्टरांना विचारा हवं तर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा हात मात्र माझ्या गुडघ्यावर आला आणि तिळगूळ घेईपर्यंत तिथेच राहिला.

दहा दिवसांत मंडळातल्या कुणाच्या तरी पत्राने ही बातमी नागपूरमार्गे साताऱ्याला, सासूबाईंपर्यंत पोचली. पंधराव्या दिवशी त्या हावड्याला उतरल्या, एकट्या, ट्रंक आणि वळकटी घेऊन. हे त्यांना आणायला गेले तेव्हा मी घरात मुलीला घट्ट धरून बसले होते. त्या आल्या, पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"औषध कुठे ठेवतेस?"

मी बाटल्या दाखवल्या. त्यांनी त्या एकेक करून उजेडात धरल्या. "वन्संना काही मिळालं नाही," त्या म्हणाल्या. ती आत्या त्यांची नणंद होती. "होतंच कुठे तेव्हा? मी ताट दाराशी ठेवायची आणि मागे सरायची. मला तेवढंच सांगितलं होतं." मग बाटली खाली ठेवून म्हणाल्या, "आजपासून माझ्यासमोर घ्यायचं. तोंड उघडून दाखवायचं."

आणि तसंच सुरू झालं. सकाळी, दुपारी, रात्री जेवण झालं की त्या पाण्याचं भांडं घेऊन उभ्या राहत. उलटी झाली तर त्या डॉक्टरांना विचारायला ह्यांना पाठवत. त्यांना बंगाली येत नव्हतं, हिंदी जेमतेम, पण पुढच्या गुरुवारी त्या स्वतः दवाखान्यात आल्या आणि मराठीतून डॉक्टरांची उलटतपासणी घेतली; मी मधे बसून हिंदी करून सांगत होते. डॉक्टर हसून सगळ्याची उत्तरं देत होते. ते त्यांना 'दीदी' म्हणाले.

बाईंची थुंकी तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली होती. तिचा निकाल यायला दोन महिने लागले. पांढरी गोळी त्यांच्यावर चालत नव्हती, सुईही नाही. दवाखान्यातून त्यांना शहराबाहेरच्या क्षयरोगाच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे दुसरी औषधं सुरू केली. त्या औषधांनी कावीळ झाली, ती बंद करावी लागली, पुन्हा थोडी थोडी सुरू केली. भावाचे जंतू मात्र अजून औषधाला दबत होते. नशीब, एवढंच डॉक्टर म्हणाले.

मी बाईंना भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर बसून एका शेजारणीचं पत्र लिहून देत होत्या. हात काडीसारखे झाले होते. पण अक्षर तेच, फळ्यावरचं, वळणदार.

"रागावलात का अजून?" मी विचारलं.

"रागावले होते. मग वाटलं, तू आधी का नाही सांगितलंस." त्यांनी पत्राची घडी घातली. "मला वाटायचं मी त्याला काहीतरी देते आहे. तो लहान असताना माझ्या ताटातलं द्यायची ना, तसंच वाटायचं. तेव्हा त्याचं पोट भरायचं गं."

मी त्यांच्या हातातलं पत्र घेऊन उशाशी ठेवलं.

"तो घेतो का नीट? मला खरं सांग. मला सांगताना तो हो म्हणतो, पण तो मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल."

"मी बघते, बाई."

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला संध्याकाळी इकडे यायला सांग. बँकेतून येताना."

तो आला. पहिल्या दिवशी फार अवघडला होता. बूट काढून दाराशीच उभा राहिला, "वहिनी, उगाच त्रास" असं काहीतरी पुटपुटला. सासूबाईंनी त्याला पाटावर बसवलं, पोहे दिले, आणि खाऊन झाल्यावर त्याच्यासमोर हात पसरला. त्याने खिशातून डबी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. एका हातात त्याची डबी, दुसऱ्या हातात माझी बाटली, अशा त्या उभ्या, आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून गोळ्या गिळतोय, असं पुढे कित्येक महिने चाललं. सकाळच्या गोळ्या तो घरी घेई आणि रिकामी पुडी आणून दाखवी. सुट्टीच्या दिवशीही तो यायचा. माझी मुलगी त्याला मामा म्हणायला लागली.

बाई पावसाळ्यात गेल्या. हॉस्पिटलचा निरोप बँकेत आला, तिथून ह्यांच्या ऑफिसात. हे आणि तो दोघं मिळून सगळं करून आले. मला जाता आलं नाही. मंडळातले पाच-सहा पुरुष आले होते, असं हे म्हणाले. त्यात ज्यांनी आपली मुलं सगळ्यात आधी वर्गातून काढली होती, ते दोघेही होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्याकडे आला. कुणी बोलावलं नव्हतं. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. दाराशी उभा राहून म्हणाला, "काकू, आज नको. आज मला नको."

सासूबाई उठल्या. आत जाऊन दही-भात कालवून आणला, त्याला बसवलं आणि शेजारी बसल्या. त्याने चार घास खाल्ले.

"तिच्या वाटच्या खाल्ल्या मी," तो म्हणाला. "मला माहीत होतं ती अर्ध्या देते. मला माहीत होतं, काकू."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "आता या तुझ्या आहेत."

त्यांनी हात पसरला. त्याने त्यांच्या तळहाताकडे पाहिलं आणि डबी काढली. मीही माझ्या घेतल्या.

माझं औषध त्याच वर्षाच्या शेवटी संपलं, डॉक्टरांनी कार्डावर तिरकी रेघ मारली आणि सही केली. त्याचं आणखी नऊ महिने चाललं. आमची बदली झाली तेव्हा त्याच्याही छातीचे फोटो स्वच्छ आले होते. तो बँकेतच राहिला, कलकत्त्यातच राहिला, लग्न मात्र केलं नाही. मुलीच्या भुवईवर एक बारीक पांढरी खूण आहे. तिला ती कशाने झाली हे आठवत नाही, पण मी तिला सांगितलं आहे. मला अजूनही अंधारात भिंतीला हात लावूनच चालावं लागतं.